‘चिंता’ मोजणारी कसोटी आणि वऱ्हाडातील खेळाडू : क्रीडा-मानसशास्त्रीय संशोधनाची एक चिकित्सा

शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात प्रेरणा, चिंता आणि कामगिरी या त्रयीवर गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील विद्यापीठांमधून विपुल संशोधन झाले. या संशोधनाचा साचा आता रूढ झाला आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील ३० मुले व ३० मुली, किंवा ३० कबड्डीपटू व ३० खो-खोपटू, सहेतुक नमुना पद्धतीने निवडले जातात. त्यांच्या हाती एक प्रश्नावली दिली जाते. मध्यमान, प्रमाण विचलन आणि ‘टी’ मूल्य काढले जाते आणि ०.०५ या सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पना स्वीकारली किंवा नाकारली जाते. या कामात श्रम नसतात असे नाही. तथापि ज्या खेळाडूच्या मनाचा शोध घ्यावयाचा, तो खेळाडू या साच्यातून कितपत हाती लागतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो अमरावती-अकोला परिसराच्या संदर्भात विचारला आहे.

आरंभ शब्दापासूनच करणे इष्ट ठरेल. पाश्चात्त्य मानसशास्त्रातील संज्ञेसाठी मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘चिंता’ हा शब्द स्वीकारला. संस्कृत सुभाषितकारांनी चिंता आणि चिता यांतील एका बिंदूच्या फरकावर कोटी केली, तेव्हापासून या शब्दामागे दीर्घकाळ मन पोखरणारी काळजी असा अर्थ चिकटलेला आहे. मुलीच्या लग्नाची, नापिकीची, कर्जाच्या हप्त्याची चिंता असते. सामन्याच्या शिट्टीपूर्वी चढाईपटूला जे होते त्याला मराठी माणूस चिंता म्हणत नाही. त्यासाठी त्याच्यापाशी दडपण, धाकधूक, धास्ती, हुरहुर, भीड असे निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही निरनिराळे आहेत. दडपण बाहेरून येऊन बसते, धाकधूक छातीत होते, तर भीड माणसांची वाटते. वऱ्हाडीत खेळाडू ‘पोटात गोया आला’ म्हणतो किंवा ‘जीवाले धुकधुक सुटली’ म्हणतो. यांतील पहिले लक्षण शारीरिक आहे; दुसऱ्यात शरीर आणि विचार एकत्र आले आहेत. बौद्धिक चिंता आणि शारीरिक चिंता असा जो भेद शास्त्राने पुढे प्रयत्नपूर्वक प्रस्थापित केला, त्याची कच्ची सामग्री बोलीत अगोदरच होती. प्रश्नावलीचे भाषांतर करताना मात्र ती बाजूला ठेवली गेली.

रेनर मार्टेन्स यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेली क्रीडा स्पर्धा चिंता कसोटी आपल्याकडे सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात १५ विधाने असून त्यांपैकी १० विधानांनाच गुण दिले जातात. उरलेली पाच, कसोटीचा हेतू झाकण्यासाठी पेरलेली असतात. प्रत्येक विधानाला तीन पर्याय असतात आणि एकूण गुण १० ते ३० या दरम्यान येतात. कसोटी सोपी आहे, दहा मिनिटांत भरून होते, आणि तिच्या लोकप्रियतेचे रहस्यही बहुधा यातच आहे. परंतु मराठी रूपात ती कशी वागते ते पाहण्यासारखे आहे. मूळ पर्यायांतील सर्वांत वरची पायरी ‘वारंवार’ या अर्थाची आहे. तिच्या जागी ‘नेहमी’ हा शब्द आला की पायरीची उंची वाढते. वारंवार अस्वस्थ होणारा मुलगा ‘नेहमी’ या शब्दापाशी थबकतो आणि ‘कधीकधी’वर खूण करतो. आणखी अडचणीचे आहे ते ‘शांत’ या शब्दाचे. शांत असल्याचे सांगणाऱ्या विधानाला उलट गुण दिले जातात, म्हणजे शांत असणारा कमी चिंताग्रस्त ठरतो. पण आपल्या बोलण्यात ‘शांत’ म्हणजे न बोलणारा, गप्प बसलेला असाही अर्थ होतो. सामन्यापूर्वी तोंडातून शब्द न फुटणारा, कोपऱ्यात पायाला पट्टी गुंडाळत बसलेला मुलगा ‘मी शांत असतो’ यावर प्रामाणिकपणे ‘नेहमी’ अशी खूण करील. त्याचा ताण जितका अधिक, तितके त्याचे उत्तर कसोटीला निश्चिंत वाटेल. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत उलटवून तपासणे, स्थानिक खेळाडूंच्या छोट्या गटावर ते आधी वापरून पाहणे, विश्वसनीयता नव्याने काढणे या पायऱ्या ग्रंथांत दिलेल्या असतात. प्रबंधांतून मूळ कसोटीचा विश्वसनीयता गुणांक उतरवून घेतला जातो आणि तेवढ्यावर समाधान मानले जाते.

दुसरी अडचण संकल्पनेची आहे. स्पीलबर्गर यांनी १९६६ मध्ये स्वभावजन्य चिंता आणि स्थितिजन्य चिंता असा भेद केला. पहिली माणसाच्या ठेवणीत असते, दुसरी त्या त्या क्षणी उद्भवते. मार्टेन्स यांची ही कसोटी पहिल्या प्रकारची आहे. स्पर्धेला सामोरे जाताना एखाद्याची चिंताग्रस्त होण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती ती सांगते. विशिष्ट सामन्यातील विशिष्ट मिनिटाला काय झाले, हे तिला विचारणे म्हणजे तालुक्याच्या सरासरी पर्जन्यमानावरून काल रात्री आपल्या वावरात पाऊस पडला का ते ठरवणे होय. स्थितिजन्य चिंतेसाठी मार्टेन्स, वीली व बर्टन यांची २७ विधानांची स्वतंत्र सूची १९९० मध्ये ग्रंथरूपाने आली. तिच्यात बौद्धिक चिंता, शारीरिक चिंता आणि आत्मविश्वास यांचे प्रत्येकी नऊ विधानांचे वेगळे मापन आहे. ती भरून घ्यावयाची तर स्पर्धेच्या तासभर आधी खेळाडूपर्यंत पोहोचावे लागते. मार्गदर्शक, संघव्यवस्थापक आणि खुद्द खेळाडू यांपैकी कोणालाही त्या वेळी संशोधक जवळ नको असतो, हे मान्य केले पाहिजे. म्हणून प्रश्नावली जेवणाच्या सुट्टीत किंवा बाद झालेल्या संघाच्या परतीच्या गाडीपूर्वी भरून घेतली जाते. मग पराभूत संघाची चिंता अधिक आढळते, आणि चिंतेमुळे पराभव झाला असा निष्कर्ष निघतो. पराभवामुळे चिंता दिसली ही शक्यता तशीच राहून जाते.

या भेदाचे महत्त्व एका मराठी नेमबाजाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे हे ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात २०२२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत चौथे आले. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत भारताच्या सांघिक सुवर्णपदकात त्यांचा वाटा होता. तेथील वैयक्तिक अंतिम फेरीत ते आघाडीवर होते. उभ्याच्या स्थितीत एक गोळी ७.६ वर गेली आणि ते पुन्हा चौथ्या स्थानावर घसरले. त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते, तोच १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तेच नेमबाज, त्याच प्रकारात, गुडघ्यावरच्या व पालथ्या स्थितीत मागे राहूनही उभ्याच्या स्थितीत वर सरकले आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवते झाले. सामन्यानंतर त्यांनी पत्रकारांना सांगितले की सकाळपासून काही खाल्ले नव्हते, केवळ काळा चहा घेतला होता. गुणफलकाकडे आपण पाहिले नाही.

या दोन अंतिम फेऱ्यांच्या दरम्यान त्यांची स्वभावजन्य चिंता बदलली असावी असे मानण्यास काही आधार नाही. मार्टेन्स यांची कसोटी दोन्ही वेळा दिली असती तर गुण जवळपास सारखेच आले असते. जे बदलले ते त्या दिवशीचे मन आणि त्या मनाने लक्ष कोठे ठेवले ते. पोट रिकामे असणे, छाती धडधडणे ही लक्षणे पॅरिसमध्ये नव्हती असे कोण म्हणेल? शारीरिक लक्षणांच्या गणनेत तो दिवस चिंतेचाच भरेल. ग्रॅहम जोन्स यांनी १९९० च्या दशकात मांडलेला मुद्दा येथे उपयोगी पडतो. चिंतेची तीव्रता आणि तिचा अर्थ या दोन वेगळ्या बाबी आहेत. तीच धडधड एकाला संकटाची, तर दुसऱ्याला सज्जतेची खूण वाटते. त्याचप्रमाणे रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की अंगवळणी पडलेल्या कौशल्याकडे दडपणाखाली जाणीवपूर्वक लक्ष वळवले, प्रत्येक हालचाल नियमांनी तपासू लागले, की ते कौशल्य विस्कटते. गुणफलकाकडे न पाहण्याचा निर्णय या दृष्टीने साधा वाटला तरी अर्थपूर्ण आहे. आपल्या प्रश्नावल्यांत मात्र ‘तुम्ही त्या वेळी कोठे पाहत होता?’ असा प्रश्न नसतो.

उलट्या ‘यू’ आकाराचा आलेख तर प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. उत्तेजन वाढत जाते तशी कामगिरी एका बिंदूपर्यंत सुधारते व नंतर घसरते, असे तो सांगतो आणि यर्क्स व डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगाचा हवाला दिला जातो. तो प्रयोग उंदरांवर होता. विजेच्या धक्क्याची तीव्रता आणि दोन दारांतील फरक ओळखण्याचे शिक्षण यांचा संबंध त्यात पाहिला होता. त्यावरून भारोत्तोलक आणि तिरंदाज यांच्या मनाविषयी बोलायचे तर मध्ये बरीच वाट चालावी लागते. (आलेख फळ्यावर काढण्यास सोपा आहे, हे त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे.) युरी हानिन यांनी प्रत्येक खेळाडूचा चिंतेचा स्वतःचा अनुकूल पट्टा असतो अशी मांडणी केली, ती खरी मानली तर ३० खेळाडूंचे मध्यमान काढण्यातच मूळ गोष्ट पुसली जाते. ज्याला भरपूर धाकधूक लागते तो आणि ज्याला ती मुळीच चालत नाही तो, असे दोघे मिळून एक ‘मध्यम चिंतेचा’ खेळाडू तयार होतो. तो कोणत्याच मैदानावर आढळत नाही.

संख्याशास्त्राची बाब थोडक्यात. प्रत्येक गटात ३० खेळाडू असताना ०.०५ स्तरावर खरा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर तो फरक सुमारे पाऊण प्रमाण विचलनाइतका मोठा असावा लागतो. त्याहून लहान फरक असला तरी तो बहुधा निसटतो. ‘सार्थक फरक आढळला नाही’ या वाक्यातून ‘दोन्ही गट समान आहेत’ असे वाक्य निघत नाही. तरीही ग्रामीण व शहरी खेळाडूंच्या चिंतेत फरक नसल्याचे निष्कर्ष प्रकरणाच्या शेवटी ठामपणे लिहिलेले असतात.

प्रेरणेच्या संदर्भात प्रश्न अधिक गंभीर होतो. आंतरिक प्रेरणा श्रेष्ठ आणि बाह्य प्रेरणा कनिष्ठ, ही विभागणी आपल्या वर्गांतून जवळजवळ नीतिवचनासारखी शिकवली जाते. खेळाच्या आनंदासाठी खेळणारा तो खरा खेळाडू. नोकरी, गुण, बक्षीस यांसाठी खेळणारा दुय्यम. अमरावतीहून नागपूरकडे निघालेल्या महामार्गावरील नांदगाव पेठेसारख्या गावी पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली पाहिली की ही विभागणी किती अपुरी आहे ते ध्यानात येते. एका बाजूला औद्योगिक वसाहतीतील पाळी, दुसऱ्या बाजूला पावसावरची शेती आणि मध्ये पोलीस भरतीची मैदानी चाचणी. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ असे ५० गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. शिवाय शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण, दहावी-बारावीतील क्रीडागुण, विद्यापीठाचा ‘कलर होल्डर’ होण्याचा मान. या मुलांना ‘तुम्ही का धावता?’ असे विचारणारी २० विधानांची प्रेरणा कसोटी त्यांना बाह्यप्रेरित ठरवून मोकळी होईल.

विदर्भातीलच दोन क्रिकेटपटूंचा इतिहास या निष्कर्षाला आडवा येतो. नागपूरजवळच्या कोळसा खाण परिसरात वाढलेले उमेश यादव यांनी सैन्य आणि पोलीस या दोन्ही भरत्यांचा प्रयत्न केला होता. दोन्हीकडे निवड झाली नाही. वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या हाती चामडी चेंडू आला, २००८ मध्ये ते रणजी सामना खेळले आणि २०११ मध्ये कसोटीपटू झाले. अमरावतीचे यष्टिरक्षक जितेश शर्मा यांनी आपले मूळ ध्येय संरक्षण दलात जाण्याचे होते आणि शालेय क्रिकेट त्यासाठी गुण मिळावेत म्हणून सुरू झाले असे मुलाखतींतून सांगितले आहे. त्याच जितेश शर्मा यांनी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत भारताकडून पदार्पण केले आणि मे २०२५ मध्ये लखनौ येथे २२८ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. गुणांसाठी हाती घेतलेली बॅट कोणत्या वर्षी, कोणत्या सामन्यात स्वतःची झाली, हे सांगता येणार नाही. पण ती झाली. डेसी व रायन यांच्या १९८५ च्या स्वयंनिर्णय सिद्धांतात या वाटचालीला जागा आहे, ही गोष्ट आपल्याकडे दुर्लक्षिली जाते. बाह्य प्रेरणेच्याही पायऱ्या असतात आणि बाहेरचे कारण हळूहळू आतले होऊ शकते, असे तो सिद्धांत सांगतो. आपण त्यातील दोन टोके घेतली आणि मधली वाट सोडून दिली. खेळाडूचे आयुष्य बहुधा त्या मधल्या वाटेवरच जाते.

तरीही त्या सिद्धांतालाही एका ठिकाणी प्रश्न विचारावा लागतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधव यांना पैसे हवे होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आलेले, तांबड्या मातीत घडलेले आणि मॅटशी अपरिचित असलेले खाशाबा हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच्या घरावरचे कर्ज डोक्यावर घेऊन लढणाऱ्या मल्लाची प्रेरणा कोणती म्हणावी? सिद्धांताच्या परिभाषेत अपराधभाव किंवा उपकाराचे ओझे यांतून येणारी प्रेरणा कमी प्रतीची, मनाला जाचणारी मानली जाते. मराठी मनात ऋण ही कल्पना केवळ जाचाची नाही. ते फेडण्यात स्वत्व असते. गावाने वर्गणी काढून पाठविलेला मल्ल, बापाने बैल विकून बूट घेऊन दिलेली धावपटू यांच्यात हीच प्रेरणा वावरते. तिने दडपणही येते आणि बळही येते, आणि या दोहोंचे प्रमाण कशाने ठरते हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो. हेलसिंकीत एक दमछाक करणारी कुस्ती संपताच खाशाबांना विश्रांतीविना पुढची लढत खेळावी लागली आणि त्यांच्या बाजूने बोलायला तेथे कोणी भारतीय अधिकारी हजर नव्हता, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी. ती लढत ते हरले. त्या पराभवाचे कारण मल्लाच्या मनात शोधणारी प्रश्नावली चुकीच्या जागी शोध घेत राहील.

चिंतेचे कारण खेळाडूच्या आत आहे, हे गृहीतक मुलींच्या बाबतीत विशेष फसवे ठरते. मुलींची चिंता मुलांपेक्षा अधिक आढळली, असा निष्कर्ष काढून तो स्त्रीस्वभावाच्या खाती जमा केला जातो. दर्यापूर किंवा धारणी तालुक्यातून विद्यापीठाच्या मैदानावर आलेल्या खो-खोपटू मुलीच्या मनात काय असते? सामना लांबला तर शेवटची एस.टी. निघून जाईल. मैदानावर स्वच्छतागृह आहे की नाही. घरी परवानगी देताना ‘यंदाच’ असे बजावले आहे. प्रवासभत्ता पुढच्या महिन्यात मिळणार आहे. यांतील एकही बाब त्या १५ विधानांत येत नाही, मात्र प्रत्येक बाब तिच्या उत्तरांत उतरते. संघव्यवस्थापकाने परतीच्या वाहनाची सोय आदल्या दिवशी केली तर त्या मुलीचे गुण दोन-तीनांनी खाली येतील, अशी परिकल्पना मांडून तपासण्यास फारसा खर्च नाही.

वऱ्हाडाला या प्रश्नांचा स्वतःचा वारसा आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. परक्या देशात, परक्या प्रेक्षकांपुढे, पदकाची शक्यताच नसलेल्या प्रसंगी खेळाडूचे मन कसे असते, हा क्रीडा-मानसशास्त्राचाच विषय होय. तेथे जिंकण्या-हरण्याचे भय नव्हते. आपण देशाचे म्हणून पाहिले जात आहोत याचे दडपण मात्र असणारच. मल्लखांबाच्या शिक्षणक्रमातही भीतीचा विचार आहे, जरी तो त्या नावाने केलेला नसला. साधी अढी पक्की झाल्याशिवाय पुढची उडी नाही, दसरंग सुटतो तोवर शिक्षक लाकडापासून हलत नाही. भीती वाटू नये असा उपदेश तेथे कमी असतो. ती पायरीपायरीने अंगावर घेतली जाते आणि हात-पायांना विश्वास आल्यावर मन मागून येते.

तथापि या परंपरेचा गौरव करताना तिची एक उणीव झाकू नये. आखाड्याच्या संस्कृतीत भीतीची वाच्यता हा कमीपणा मानला गेला. ‘मर्दासारखा खेळ’ या एका वाक्याने किती मुलांची तोंडे बंद झाली असतील याची नोंद कोठेही नाही. प्रश्नावलीने निदान विचारण्याची प्रथा पाडली, हे तिचे श्रेय आहे. अशा वातावरणात वाढलेला मुलगा मार्गदर्शकाच्या देखत भरावयाच्या कागदावर भीती कबूल करील, ही अपेक्षा मात्र भाबडी आहे. त्यामुळे कुस्तीगीर व कबड्डीपटूंमध्ये चिंता कमी आढळली, असे निष्कर्ष वाचताना चिंता कमी होती की कबुली कमी होती, हे विचारावेच लागते. बहुतेक प्रबंधांत कागद गोळा करणारा माणूस आणि संघ निवडणारा माणूस एकच असतो.

यात हानी कोणाची होते तेही सांगितले पाहिजे. कसोटीतील गुणांवरून ‘उच्च चिंता’ असा शिक्का बसलेला खेळाडू अंतिम संघातून वगळला जाणे अशक्य नाही. तशा शिफारशी प्रबंधांच्या अखेरच्या प्रकरणांत लिहिलेल्या असतात. निवडीत मानसिक कसोटीचा उपयोग करावा, हे वाक्य शिफारशींच्या यादीत किती सहज येते! मार्टेन्स यांची कसोटी त्यासाठी तयार झालेली नाही. ७.६ च्या एका गोळीनंतर अशाच कागदाच्या आधारे निर्णय झाला असता, तर पॅरिसच्या रेंजवर कोण उभे राहिले असते याचा विचार निवड समितीवर बसणाऱ्या प्राध्यापकांनी करावा.

पर्याय खर्चिक नाहीत. एका खेळाडूचा संपूर्ण मोसम पाहणे, प्रत्येक सामन्यापूर्वी त्याच्याच शब्दांत दोन ओळी लिहून घेणे, नंतर त्या कामगिरीशी ताडून पाहणे, हे एम.पी.एड.च्या विद्यार्थ्याला जमण्याजोगे आहे. त्यातून साठ खेळाडूंचे ‘टी’ मूल्य निघणार नाही. नांदगाव पेठेच्या रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करणाऱ्या एखाद्या मुलाने चाचणीच्या आठ दिवस आधी ‘झोप लागत नाही, पण पाय हलके वाटतात’ असे लिहिले आणि त्याच आठवड्यात आपली वेळ सुधारली, तर त्या दोन ओळींचे काय करावयाचे हे सांगणारे प्रकरण आपल्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात अजून लिहिले गेलेले नाही.